पक्क्या वहीतली विश्रांती

प्रिय टकळी,

हे पत्र तुला फोनवरच वाचावं लागणार. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहेत. कागद पाठकोरे आहेत, मागची शाई इकडे उतरलेली दिसली तर ती वाचत बसू नकोस, ती विजेची बिलं आहेत. तू म्हणशील, एवढं लिहीत बसण्यापेक्षा आईनं सरळ फोन का नाही लावला. अगं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? तीन वर्षांची असताना तुला टकळी म्हणायला लागलो ते काही उगाच नाही. आणि दुसरं म्हणजे, फोन कानाला लागला की ‘सगळं ठीक आहे’ एवढं माझ्या तोंडून आपोआप निघून जातं. आज मला ते म्हणायचं नाही. म्हणून लिहितेय. घाबरू नकोस, पण मधेच वाचायचं सोडून फोनही लावू नकोस. शेवटपर्यंत वाच, आणि शुक्रवारच्या आत वाच, कारण तुमच्या परिषदेच्या ठरावाचा मजकूर शुक्रवारी बंद होतो, मग त्यात बदल चालत नाही, असं तूच म्हणालीस.

रविवारपासून तुझा आवाज माझ्या डोक्यातून जात नाहीये. किती खुशीत होतीस! पहिला आठवडा तुम्हा सगळ्या तरुण प्रतिनिधी पोरींना मागच्या रांगेत बसवलं, गळ्यात हिरवा बिल्ला अडकवला, पायऱ्यांवर उभं करून फोटो काढले आणि मग मजकूर ठरवायच्या खोलीचं दार तोंडावर लावून घेतलं, हे तू मला आधी सांगितलं होतंस. “आई, आम्ही इथे फुलदाणी आहोत गं, मधोमध ठेवतात आणि पलीकडच्याशी बोलतात,” असं म्हणाली होतीस. तेव्हा मला हसूही आलं आणि रागही. मग तुम्ही सहा देशांच्या मुलींनी मिळून आपापल्या गल्लीतल्या बायकांच्या तासांचा तक्ता केलात, तो कुणीतरी मोठ्या माणसानं पाहिला आणि तुला आत खुर्ची मिळाली. टेबलाशी नाही, भिंतीला लागून, पण आत. बायकांसाठी जगभरचे नियम ठरतात तिथे आपल्या जिन्यातली पोरगी बसली आहे, हे मी देवाला तीनदा सांगितलं, त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून.

त्या दीड ओळीचं भांडणही तू किती छान समजावून सांगितलंस. घरातल्या मुलांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची देखभाल हे काम धरावं आणि त्याचे तास प्रत्येक देशानं मोजावेत, असं तुमचं म्हणणं. समोरच्यांचं म्हणणं, ‘मोजावेत’ नको, ‘मोजण्याचा विचार करावा’ असं घाला. मी म्हटलं, विचार करण्यातलं मला सांगू नकोस, आपल्या मोरीतला गळका नळ बदलण्याचा विचार या घरात नऊ वर्षं चालला होता. तू खळखळून हसलीस, आणि हसता हसता थांबलीस. म्हणालीस, आपल्याच देशाकडून आलेल्या मोठ्या बाईंनी तुझा तक्ता उचलून सगळ्यांसमोर वाचला. आमच्या गृहिणींनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, त्यांना रोज सरासरी चार तास वीस मिनिटं विश्रांती मिळते, तेव्हा मोजायची घाई नको, विचार करावा एवढं पुरे, असं त्या म्हणाल्या. मग तू हळूच मला विचारलंस, “आई, आपल्या गल्लीत चार तास विश्रांती कोण घेतं गं? तू तपासलं होतंस ना?” मी म्हटलं, तपासलं की, बरोबरच असणार, थांब, दूध उतू जातंय, ठेवते. बाळा, शेगडी बंद होती. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

तेव्हापासून दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही. आधी मी त्या मोठ्या बाईंवर चिडले. एवढी शिकलेली बाई, तिच्या घरी काय देवदूत येऊन कपडे वाळत घालतात का? मग देवासमोर बसले, माळ हातात घेतली, तर बोटं मण्यांवरून पुढे सरकेनात. त्या बाईंनी खोटं काय वाचलं? पक्क्या वहीत जे आहे तेच वाचलं. आणि पक्की वही माझ्या हातची.

तू अडतीस वह्या घेऊन दोन दिवसांसाठी आलीस, गल्लीतल्या बायकांना गोळा केलंस, दिवसाचा एकेक तास कशात गेला ते महिनाभर लिहा म्हणालीस, आणि जाताना सांगितलंस, “अडलं तर आईकडे द्या, तिची वही कधी चुकत नाही.” झालं! तुझी पाठ वळायचा अवकाश, सगळ्याच जणींना अडलं. कोरी छापील वही खराब करायचा कुणाला धीर होईना. कुणी किराण्याच्या पुडीवर लिहून आणलं, कुणी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, आणि शिंपीणबाईंनी तर नातीनं काढलेल्या हत्तीच्या पोटात. म्हणाल्या, “तुम्ही मॅट्रिक ना, मग उतरवा नीट.” मीही हौसेनं उतरवत बसले. तुला माहीत आहे, लग्नाआधी मी माझ्या वडिलांच्या धान्याच्या दुकानात वह्या लिहायचे. तिथली पद्धत अशी, की दिवसभर घडेल ते घाईघाईनं कच्च्या वहीत टिपायचं, आणि दुकान बंद झाल्यावर शांतपणे, सुवाच्य अक्षरात, मेळ बसवून पक्क्या वहीत उतरवायचं. पक्क्या वहीत खाडाखोड चालायची नाही आणि मेळ बसला नाही तर जेवायला वाढलं जायचं नाही. बायकांची ही चिठोरी म्हणजे माझ्या लेखी कच्ची वही, आणि तू दिलेल्या वह्या पक्क्या.

आता बघ, दिवसाचे तास चोवीस. शिंपीणबाईंच्या हत्तीच्या पोटातल्या तासांची मी बेरीज केली तर ती तेहेतीस आली. दहा ते एक मशीनवर शिवण, दहा ते एक नात सांभाळणं, दहा ते एक शेगडीवर रटरटणारं भांडं. दुसऱ्या एकीचे तीस, तिसरीचे एकतीस. मी तीनदा बेरीज केली. मला वाटलं, बिचाऱ्यांना लिहिता येत नाही, एकच तास तीनदा धरतात. मग मी मेळ बसवायला घेतला. एका तासाला एकच काम. शिवण ठेवलं, नात आणि भांडं काढून टाकलं. आणि जिथे बाई नुसतीच बसलेली होती, तापलेल्या पोरीच्या उशाशी, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांजवळ, तिथे मी लिहिलं, विश्रांती. बसलीच होती ना? हात रिकामेच होते ना? बसलेल्या बाईला काम करतेय असं लिहायची मला लाज वाटली. अडतीस वह्या, महिन्याचे सगळे दिवस, एकही खाडाखोड नाही, सगळ्यांचा मेळ चोवीसचा. तुला पाठवताना छाती फुगली होती माझी. तुझ्या त्या तक्त्यातले चार तास वीस मिनिटं म्हणजे माझ्या सुवाच्य अक्षरातलं बसणं आहे, दुसरं काही नाही.

काल सकाळी मी घरोघर गेले. म्हटलं, असं असं झालंय, तुमची चिठोरी होती तशी मुलीकडे पाठवू का. शिंपीणबाई सुई दातात धरून ऐकत होत्या. सुई काढून म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या वहीत मी एवढी लोळत होते होय? आधी सांगायचं तरी, खरंच लोळले असते!” सगळ्या हसल्या. मीही हसले. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकी मात्र हसल्या नाहीत. “आम्ही लिहिलेलं तुम्ही बदललंत, आणि आम्हाला विचारलंही नाहीत,” एवढंच म्हणून त्यांनी पावाचे ट्रे आवरायला घेतले. मी उभीच राहिले. ट्रे रचता रचता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “पाठवा. पण या खेपेला जसं आहे तसं.” मी कागदाचा तुकडा टाकत नाही हे तुला ठाऊकच आहे, त्यावरून तू मला किती चिडवतेस. छत्तीस जणींची चिठोरी बिस्किटांच्या डब्यात जशीच्या तशी निघाली. एकीची तिच्या धाकट्यानं होड्या करून नाल्यात सोडली. ही छत्तिसांची चिठोरी नर्सबाई या पत्राबरोबर पाठवतायत, हत्तीसकट.

आता मला खरी धास्ती आहे ती तुझी. ती भिंतीजवळची खुर्ची तुला या तक्त्यानं मिळाली. तूच उठून म्हणालीस की तक्ता चुकलाय, तर ते काय म्हणतील हे मला इथे बसून ऐकू येतं. म्हणतील, पोरीबाळींना आत घेतलं की असं होतं, साधी बेरीज येत नाही आणि जगाचे नियम लिहायला निघाल्या. तुझ्या बरोबरच्या पाच देशांच्या मुलींकडेही संशयानं बघतील. कदाचित खुर्ची काढून घेतील. काल दुपारभर मला वाटत होतं, जाऊ दे, गप्प बसावं, दीड ओळ ती काय. पण मग ते चार तास वीस मिनिटं तिथेच राहणार. उद्या आणखी कुणी मोठ्या बाई आणखी कुठे ते वाचणार, आणि बेकरीवाल्या काकी तोवर पहाटे चारला उठून भट्टी पेटवत राहणार. तेव्हा माझं ऐक. दुसऱ्या कुणी बोट दाखवायच्या आधी तू स्वतः उभी राहा. चूक तुझ्यावर घेऊ नकोस. सांग, बायकांनी बरोबर लिहिलं होतं, उतरवणारीनं बदललं, आणि उतरवणारी माझी आई आहे. माझ्याबद्दल विचारलं तर गृहिणी, शिक्षण मॅट्रिक, असं सांग. हसले तर हसू देत. आणि मग तेहेतीस तासांचा दिवस त्यांच्यासमोर ठेव आणि म्हणावं, याचा मेळ बसवून दाखवा.

हे सगळं लिहिलं तरी मन हलकं होत नाहीये, टकळी, कारण मूळ गोष्ट मी अजून लिहिलेलीच नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, तू हिशेबाला माझीच मुलगी आहेस. अडतीस वह्या, छत्तीस जणींची चिठोरी, एकीची गेली नाल्यात. मग एक कुठाय? ती माझी. माझ्या वहीला कच्चं लिहिलेलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ पक्क्यात लिहिलं, आणि पहिल्याच दिवशी दुपारी दोन ते सहा या खान्यात विश्रांती असं लिहिलं. बाकीच्यांची चिठोरी माझ्याकडे त्यानंतर आली. मी माझ्या बसण्याला विश्रांती म्हटलं होतं, मग शिंपीणबाईंचं नातीपाशी बसणं काम कसं म्हणू? एकाच दुकानात दोन वजनं ठेवायला मला कुणी शिकवलेलं नाही. माझी एक ओळ वाचवायला मी तोच नियम सगळ्यांना लावला. लाज वाटली असं मी वर लिहिलंय, तेही खरं आहे, पण ते नंतरचं.

दोन ते सहा मी तुझ्या बाबांजवळ बसते. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं असं मी तुला सांगितलं. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. तू वह्या देऊन गेलीस त्याच आठवड्यात ते दुपारी आपल्याच घरातल्या मीटरच्या फळीसमोर हातात टेस्टर घेऊन उभे होते आणि मला म्हणाले, “यातलं कुठलं?” ज्या माणसानं निम्म्या गल्लीला दिवे जोडून दिले तो हे विचारतोय, मला वाटलं थट्टा करतायत. मग डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, महिना कुठला चालू आहे. तर यांनी त्यांनाच सुनावलं, “तुमच्या मागे कॅलेंडर आहे की, वळून बघा.” डॉक्टर हसले. मीही हसले. मग त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं, हे विसरणं आता वाढत जाईल, यांना एकटं ठेवू नका. दुपारी त्यांना कामावर जायची ओढ लागते. पिशवी खांद्याला लावतात, ‘लोक अंधारात बसलेत’ म्हणतात, किंवा फळीचं झाकण उघडायला जातात. मी दाराला पाठ लावून स्टुलावर बसते. काहीही करत नाही, नुसती बसते. नर्सबाईंना तेवढं ठाऊक आहे, त्या अर्धा तास येऊन बसतात तेव्हा मी बाजारात जाऊन येते, काल घरोघर गेले तेव्हाही त्याच बसल्या होत्या. तुझा फोन आला की मी शेजारी उभी राहून त्यांना एकेक वाक्य सांगते. जेवलीस का विचारा, की ते विचारतात. तिकडे थंडी आहे का विचारा, की ते विचारतात. तू म्हणतेस, बाबा हल्ली किती शांत झालेत. रविवारी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “मुलगी चांगली आहे हो. कुणाची?”

तुझ्या निवडीचं पत्र डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतर तिसऱ्या दिवशी आलं. तू फोनवर ओरडलीस ते अजून माझ्या कानात आहे. त्या वेळी मी सांगितलं असतं तर तू गेली नसतीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझी आजी अंथरुणावर होती तेव्हा तू कॉलेजचं एक अख्खं वर्ष सोडून घरी बसलीस, आणि मी तुला बसू दिलं. तू मदत केलीस म्हणून सगळ्यांनी तुझं कौतुक केलं, मीही केलं, पण ते वर्ष तुला कुणी परत दिलं नाही. देवासमोर मी तेव्हाच म्हटलं होतं, पुन्हा नाही. वह्यांचा पहिला दिवस तुझं पत्र आल्यानंतरचा, म्हणून विश्रांती लिहिलं. तुझ्या हातात माझी वही पडणार, तू दोन ते सहा वाचणार, म्हणून.

चिठोरी नर्सबाईंनी नुसती पाठवली असती तरी तुझा तक्ता दुरुस्त झाला असता, आणि बाबांचं काही लिहावंच लागलं नसतं. रविवारपासून मी तोच मार्ग शोधत होते, खोटं कशाला बोलू. पण मग माझी एक वही खोटीच राहिली असती, आणि तिच्यासाठी तू तिथे उभी राहून पुन्हा माझ्या वतीनं खोटं बोलली असतीस, न कळता. ते मला नको. माझी वही अशी दुरुस्त कर, रोज दुपारी दोन ते सहा, नवऱ्याची देखभाल, महिनाभर, एकही दिवस सुटी नाही. आता तुझ्या डोळ्यांना धारा लागल्या असतील आणि तू परतीच्या तिकिटाचं बघत असशील. बघ, पण शुक्रवारनंतरचं. तू परवा निघून आलीस तर मी एवढे दिवस लपवलं ते आणि आज सांगितलं ते, दोन्ही वाया गेलं. ये, हे मी खरंच म्हणतेय, उगीच चांगुलपणानं ‘येऊ नकोस’ असं आता म्हणणार नाही. तू आलीस तर ते तुला ओळखतील की नाही, हे मला माहीत नाही, आणि त्याची मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटते. पण आधी त्या खोलीत उभी राहा. आणि कुणी विचारलं की नुसतं बसण्याला काम कसं म्हणायचं, तर त्यांना एवढं सांग, जे मी देवालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मी दमते गं. खूप दमते.

तुझीच,
आई